उंचीचा डबा, गोव्याचा खडा आणि चौथीतला मुलगा

गोव्यातल्या साखळी गावच्या एका आईने विचारलं आहे: मुलगा चौथीत आहे. टीव्हीवरचा उंची वाढवणारा डबा हवा म्हणून महिनाभर हट्ट चाललाय, वर्गातली दोन मुलं तो पितात म्हणे. मुलगी आठवीत, रील बघून चेहऱ्याची सीरमं मागवते. सासरे रोज सकाळी उपाशीपोटी साखरेवरचा कसलासा रस घेतात, तोही जाहिरात वाचूनच. जाहिराती खोट्या असतात हे मुलांना कसं समजावू?

ताई, तेच तर समजावू नका. मी ते करून बसले आहे.

मी डिचोलीला फार्मसी चालवते, सव्वीस वर्षं झाली. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं आसपासच्या शाळांतून आरोग्यावर तास घ्यायला जाते. म्हणजे तुमच्या मुलाला हवा असलेला डबा माझ्या दुकानाच्या फळीवर आहे आणि तो विकून मला चार पैसे मिळतात. पुढचं वाचताना हे ध्यानात असू द्या.

सुरुवातीला माझा तास ठरलेला असायचा. एकेक जाहिरात घ्यायची, तिची फजिती करायची, मुलं खिदळायची, हेडबाई खूश. मग २०१७ चा फेब्रुवारी आला. गोवर-रुबेला लसीकरणाची देशव्यापी मोहीम पहिल्या टप्प्यात ज्या मोजक्या राज्यांत सुरू झाली त्यांत गोवा होता. शाळाशाळांतून लस द्यायची होती आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नको नको ते फिरत होतं. सातवीतला माझा एक लाडका विद्यार्थी उभा राहिला. "टीचर, तुम्हीच सांगितलं ना, सगळे आपला माल खपवायला बोलतात. मग ही लस पण तसलीच." अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या. मी शिकवलेलं त्याने बरोब्बर उचललं होतं. आधी त्यांना सगळं खरं वाटायचं, माझ्या कृपेने आता सगळं खोटं वाटत होतं. डोकं दोन्हीकडे तेवढंच चालत होतं, म्हणजे चालत नव्हतं.

तेव्हापासून मी एकच प्रश्न शिकवते: कशाच्या तुलनेत? बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

तुमच्या मुलाच्या डब्यापासूनच सुरू करू. जाहिरातीतला मुलगा वर्षभरात दोन इंच वाढतो, भिंतीवर त्याची आई खूण करते, सगळे टाळ्या वाजवतात. यात खोटं काहीच नसेल. शाळकरी वयातलं निरोगी मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढतंच, म्हणजे दोन इंच किंवा थोडं जास्त. डबा पिऊन वाढतं, न पिता वाढतं, सकाळी पेज पिऊन वाढतं. जाहिरातीने फक्त न पिणारा मुलगा दाखवलेला नाही. हे मुलाला सांगू नका, त्याला मोजू द्या. दाराच्या चौकटीवर पेन्सिलने आजची खूण करा, तारीख घाला, शेजारच्या मुलाचीही करा. तीन-तीन महिन्यांनी पुन्हा. धीर लागतो, पण मुलांना खूण करायला फार आवडतं.

एका शाळेत पाचवीच्या वर्गात मी हे जूनपासून मार्चपर्यंत केलं. डबा पिणारी मुलं एका यादीत, न पिणारी दुसऱ्या. मनात मी निकाल आधीच लिहून ठेवला होता. मार्चमध्ये मोजलं तर सगळ्यांत जास्त वाढलेला मुलगा निघाला डबेवाल्यांच्या यादीतला! वर्गाने जो गलका केला तो विचारू नका. मी खडू हातात धरून उभी. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "पण टीचर, त्याचा बाबा केवढा उंच आहे!" दुसरी म्हणाली, तो वर्गात सगळ्यांत मोठा आहे, एक वर्ष उशिरा आलाय. तिसऱ्याने सांगितलं की ज्यांच्या घरी डबा आणतात त्यांच्या घरी अंडी-मासेही रोज असतात. दहा मिनिटांत फळा भरला. मग मी विचारलं, आता कसं ठरवायचं? बराच वेळ शांतता. शेवटी एकजण म्हणाला, "चिठ्ठ्या टाकूया. ज्याची चिठ्ठी निघेल त्याने डबा प्यायचा. मग उंच बाबावाले दोन्हीकडे जातील."

औषधांच्या चाचण्यांत मोठमोठे संशोधक नेमकं हेच करतात. दहा वर्षांच्या पोराला ते सुचलं, कारण माझा तास फसला होता. तो तास ठरल्याप्रमाणे पार पडला असता तर मुलांना एवढंच कळलं असतं की टीचर म्हणतात डबा वाईट.

असं शिकवून खरंच काही फरक पडतो का, हेही तुलनेनेच विचारायला हवं. युगांडात तसा प्रयोग झाला आहे. १२० प्राथमिक शाळा, पाचवीतली दहा हजारांवर मुलं, शाळांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी. निम्म्या शाळांत एका सत्रात उपचारांविषयीचे दावे कसे तपासायचे याचे धडे झाले, बाकीच्यांत नेहमीचं शिक्षण. शेवटी परीक्षा घेतली तेव्हा धडे घेतलेल्यांपैकी ६९ टक्के उत्तीर्ण झाले, न घेतलेल्यांपैकी २७ टक्के. २०१७ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. त्या शाळांची गरिबी पाहता आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी प्राथमिक शाळेला हे जमायला हरकत नाही. पुस्तकी ज्ञानाची परीक्षा पास होणं वेगळं आणि दुकानात हात आवरणं वेगळं, हे मात्र मी काउंटरमागून रोज बघते.

वयाचं एक सांगते. सात-आठ वर्षांखालच्या मुलाला जाहिरात आपल्याला काहीतरी विकू पाहते आहे हेच नीट उमगत नाही, त्याला ती कार्टूनसारखीच एक गोष्ट वाटते. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००४ मध्ये म्हणूनच आठ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींवर बंधनं घालावीत असं सुचवलं होतं. तुमचा मुलगा तो उंबरठा नुकताच ओलांडून आला आहे, वेळ चांगली आहे.

त्याच्याकडून जाहिरात करवून घ्या. मी शाळेत म्हादईचं पाणी विकायला देते. साधं नळाचं पाणी, एक बाटली, एक कागद. अट एकच, एकही शब्द खोटा नको. पोरं काय लिहितात बघा: "साखर शून्य! चरबी शून्य! कोलेस्टेरॉल शून्य! सह्याद्रीच्या कुशीतून! पिढ्यान् पिढ्यांचा विश्वास! ऑलिम्पिकमधले सगळे खेळाडू हेच पितात!" एका गटाने पांढरा कोट घालून "गोव्यातल्या प्रत्येक डॉक्टरची पसंती" असं म्हटलं, आणि खरंच, पाणी न पिणारा डॉक्टर कुठे आहे? सगळं खरं, आणि शेवटी बाटलीत पाणीच. यानंतर "कोलेस्टेरॉल नाही" असं लिहिलेली तेलाची पिशवी त्यांच्यासमोर ठेवा. वनस्पतीपासून काढलेल्या तेलात कोलेस्टेरॉल मुळात नसतंच, मग नाही कशाच्या तुलनेत? मुलं स्वतःच ओरडतात.

वेष्टनाची जादूही घरच्या घरी दाखवता येते. एकाच पातेल्यातलं नाचण्याचं सत्त्व दोन पेल्यांत ओता, एक साधा, एक कार्टून असलेला. धाकट्याला विचारा कुठलं जास्त चांगलं. अमेरिकेत तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर असाच प्रयोग झाला होता, तोच पदार्थ एका बड्या ब्रँडच्या कागदात गुंडाळला की त्यांना तो जास्त चविष्ट लागला. गाजरसुद्धा!

आता गोष्ट सांगते, आपल्याच मातीतली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या गोव्यातले जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे लोक एक औषधी खडा बनवायचे. त्याआधी युरोपात बेझोअर नावाच्या दगडाचं वेड होतं. बकरीसारख्या जनावराच्या पोटात साचून तयार झालेला तो गोळा, कुठल्याही विषावर उतारा म्हणून राजेरजवाडे जवळ बाळगायचे. खरे बेझोअर मिळेनात, म्हणून इथे कृत्रिम करायला सुरुवात झाली. शंख-शिंपले, अंबर, कस्तुरी, राळ, रत्नांची पूड असं काय काय कालवून गोळा वळायचा, वर सोन्याचा मुलामा. विषबाधेपासून तापापर्यंत सगळ्यावर एकच इलाज, किसून चहात किंवा पाण्यात घालून प्यायचा. युरोपात तो सोन्यापेक्षाही चढ्या भावाने जायचा. नाव काय, तर ‘गोवा स्टोन’. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यातला एक आजही सोन्याच्या जाळीदार डबीत ठेवलेला आहे. त्या डबीचा फोटो मुलांना दाखवा आणि विचारा, आतला खडा साध्या पुडीत बांधून दिला असता तर कोणी घेतला असता का?

गोष्टीचा दुसरा भाग मोठ्या मुलांसाठी आहे, तुमच्या आठवीतल्या मुलीला आवडेल. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या राजाकडे असाच एक बेझोअर होता. राजाचा शल्यवैद्य आंब्रुआझ पारे याला त्याची शंका होती. चांदीची ताटं चोरल्याबद्दल एका आचाऱ्याला फाशी झालेली. त्याला विचारलं, फाशी हवी की विष घेऊन वर हा दगड घेतोस? वाचलास तर सुटलास. तो तयार झाला आणि काही तासांत तडफडून मेला. माणसावर असा प्रयोग करणं भयंकरच, मुलंही लगेच तसं म्हणतात. पण मी पुढचं विचारते. एका आचाऱ्यावरून दगड निकामी ठरला का? राजवाड्यातल्या कोणी म्हटलं असेल की विष जास्त झालं, दगड कमी पडला. आणि तो चुकून वाचला असता तर दगडाचा जयजयकार झाला असता, विष पातळ होतं हे कोणी पाहिलं नसतं. "माझ्या मावशीला गुण आला" हा पुरावा का पुरत नाही, हे समजावायला मला याहून चांगली गोष्ट मिळालेली नाही. दगडाची विक्री त्यानंतरही जोरात चालू राहिली, हे मुलांना सगळ्यांत गमतीचं वाटतं. आपला खडा तर त्यानंतर शंभरेक वर्षांनी बाजारात आला.

अगदी आत्ताचं उदाहरण हवं तर ओआरएस घ्या, आणि इथे माझी चूकही आहे. जुलाब झालेल्या मुलाचे आईबाप घाईने येतात, "ओआरएस द्या" म्हणतात. वर्षानुवर्षं माझ्या दुकानातून त्यांच्या हातात छान फळांचं चित्र असलेला, नावात ती तीन अक्षरं असलेला तयार पेयाचा खोका जायचा. मुलांना चव आवडायची, पावडरीच्या पुडीपेक्षा नफा जास्त. पाठीमागची बारीक अक्षरं मी स्वतः फार उशिरा वाचली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्याला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं आणि मीठ, पोटॅशियम, सायट्रेट मोजून घातलेलं. त्या गोड खोक्यांत साखर कितीतरी पट जास्त. साखर जास्त झाली की ती आतड्यात उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी यासाठी कित्येक वर्षं पाठपुरावा केला. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. फुटबॉल खेळून आलेल्या पोरांसमोर मी आता खरी पुडी आणि एखाद्या गोड पेयाचा खोका शेजारी ठेवते आणि एका लिटरला किती चमचे साखर पडते ते काचेच्या पेल्यात ओतायला लावते. चार-पाच ग्रॅमचा एक चमचा. पेला भरत जातो तसे चेहरे बदलतात.

तसंच तुमच्या डब्याचं करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, सगळ्यांत जास्त असेल ते पहिलं. पहिल्या तीनात साखर आहे का? ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन अशी तिची भावंडं पुढे बसली आहेत का? शंभर ग्रॅमला समजा ३५ ग्रॅम साखर लिहिली असेल आणि तुम्ही २० ग्रॅमचा डाव घालत असाल तर एका पेल्यात सात ग्रॅम, वरून आपण घालतो ती वेगळी. हे गणित मुलालाच करू द्या. आणि ‘हेल्थ ड्रिंक’ या शब्दाला भुलू नका. अन्न सुरक्षेच्या २००६ च्या कायद्यात अशी कुठली वर्गवारीच नाही, म्हणून एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना त्या नावाखालून ही पेयं काढायला सांगितली.

मुलांना आवडणारी आणखी एक हकिकत. बांगलादेशासाठी केलेली अशाच एका पेयाची जाहिरात २००८ मध्ये ब्रिटनमध्ये दिसणाऱ्या एका नेपाळी वाहिनीवर लागली. हे पिऊन मुलं उंच, बळकट आणि हुशार होतात, असा दावा. तिथल्या जाहिरात नियामकाने पुरावा पुरेसा नाही म्हणून ती थांबवली. तेच पेय, तोच दावा. एका देशात चालतो, दुसऱ्यात नाही, हे कसं? मुलांनाच विचारा.

कायद्याबद्दल थोडक्यात. मधुमेह, कर्करोग अशा रोगांवर इलाज असल्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. मुलांना उद्देशून बुद्धी किंवा शक्ती वाढल्याचा दावा पुराव्याशिवाय करता येत नाही, आणि बारीक अक्षरातली तळटीप दाव्याच्याच भाषेत हवी, असं २०२२ च्या नियमांत आहे. चांदणी शोधण्याचा खेळ त्यावरूनच सुचला: मोठ्या आकड्याशेजारची, तळटीपेकडे नेणारी चांदणी आधी कोणाला दिसते. तक्रारीला ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आपलं अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय बांबोळीला आहे. आठवीच्या मुलीला एक तक्रार लिहायला लावा. निकाल काय लागेल ते लागो, दावा, पुरावा आणि तुलना तीन ओळींत मांडताना जे शिकणं होतं ते भाषणाने होत नाही.

घरातल्या उपायांनाही हाच प्रश्न लावू द्या, नाहीतर मुलांना वाटतं हा फक्त दुकानवाल्यांसाठीचा नियम. कसाय, म्हणजे आपला घरगुती काढा, घेऊन सर्दी आठवड्यात गेली. कसाय न घेता? आठवड्याभरातच. आजीला राग येईल. तिला सांगा, कसायाने घसा शेकतो, बरं वाटतं, पैसे पडत नाहीत आणि आजीने त्याचं कधी पोस्टर लावलेलं नाही. मलाही विचारू द्या. परवा एक मुलगा माझ्याच काउंटरवर म्हणाला, "हे टॉनिक तुम्ही का सुचवताय, जास्त कमिशन आहे?" त्याच्या आईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी बाटली परत फळीवर ठेवली.

मुलीच्या सीरमचं प्रकरण जरा नाजूक आहे. तेराव्या वर्षी आरशासमोरचा प्रत्येक फोड हा जगबुडी असतो, तिथे तुलना वगैरे शिकवायला जाल तर दार आपटेल. तिच्यासोबत बसून ती रील बघा. रीलमधल्या ताईच्या नावाचा डिस्काउंट कोड आहे का? मग प्रत्येक बाटलीमागे ताईला काय मिळत असेल? ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या फोटोंत उजेड, केस, हसू सारखं आहे का? पैसे घेऊन केलेली शिफारस स्पष्ट सांगावी लागते, तो बारीक शब्द कुठे लपवलाय? बाटलीवर रेटिनॉल किंवा कुठलं अ‍ॅसिड लिहिलं असेल तर ते या वयाच्या त्वचेला बहुधा नकोच, जळजळ होते आणि आपल्या उन्हात तर अधिकच. फोड फार असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. तिला निदान तिचा त्रास खरा आहे एवढं तरी कळेल.

आता हट्टाचं काय करायचं? मुलाला एकदा विचारा, उंच कशाला व्हायचंय. माझा अंदाज आहे, प्रार्थनेच्या रांगेत तो पहिला उभा राहत असेल किंवा कोणीतरी काही बोललं असेल. डबा वर्गातल्या त्या दोघांसारखं होण्यासाठी हवा आहे, तेव्हा साखरेच्या गणिताने तो हट्ट मोडणार नाही. एक छोटं पाकीट आणून दिलंत तरी आभाळ कोसळत नाही, खाऊ म्हणून द्या, औषध म्हणून नको. चौकटीवरची खूण मात्र त्याच दिवशी करा. वर्षाला चार सेंटिमीटरही वाढ दिसली नाही तर डब्यांच्या नादी न लागता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

सासऱ्यांचा विषय तुम्ही सहज शेवटी लिहिलात, मला मात्र सगळ्यांत आधी तोच टोचला. रसाशी भांडू नका, बाटली लपवू नका, नातवाला हाताशी धरा. आजोबांची साखर रस सुरू करण्याआधी किती होती, आता किती आहे, मध्ये आणखी काय बदललं, हे नातवाने वहीत लिहायचं. आजोबा त्याला नाही म्हणणार नाहीत. पण डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांनी बंद केली आहे का, तेवढं वहीची वाट न बघता आज रात्रीच विचारा.